प्रेरणा आणि चिथावणी : काही क्रियापदांचा विचार



ज्या शाळेच्या बाकावर बसून मी मुळाक्षरे गिरवली, त्याच शाळेच्या व्यासपीठावरून बोलण्याचा योग वयाच्या पंचाहत्तरीच्या आसपास यावा, हे मी माझे भाग्य समजतो. छत्रीबागेतल्या या रस्त्याने येताना होळकरांच्या छत्र्यांचे कळस दिसले आणि पाय क्षणभर रेंगाळले. ज्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या आपल्या गुरुजींचा तास चुकेल या भीतीने याच रस्त्याने मी कितीदा धावलो असेन!

आजचा विषयही त्यांनीच दिलेला आहे. म्हणजे साठ वर्षांपूर्वी दिला होता आणि माझ्याकडून तो तेव्हा नीट सुटला नव्हता. गुरुजी आम्हांला इंग्रजी शिकवीत. एके दिवशी त्यांनी फळ्यावर पाच इंग्रजी क्रियापदे लिहिली : अर्ज, इन्साइट, इन्स्टिगेट, प्रोव्होक आणि एग ऑन. 'उद्या यांना पाच मराठी शब्द शोधून आणा,' एवढेच ते म्हणाले. मी कोश उघडला आणि पाचांपुढेही 'प्रवृत्त करणे' असे लिहून मोकळा झालो. वही परत आली तेव्हा खाली तांबड्या शाईत एक ओळ होती : 'पाचही माणसे एकच काय?'

या प्रश्नाचा अर्थ उमगायला मला पुढची बरीच वर्षे लागली. दुसऱ्या माणसाला कृतीस लावणे ही वरवर पाहता एकच क्रिया आहे. पण लावणारा कोण, कशासाठी लावतो, कोणत्या साधनाने लावतो आणि ज्याला लावायचे त्याच्या विचाराला किती जागा ठेवतो, यावरून त्या क्रियेचे पुण्य वा पाप ठरते. भाषेने हे भेद फार पूर्वीच ओळखून ठेवले आहेत. आपण मात्र ते विसरतो.

प्रथम इंग्रजी शब्दांची घरे पाहू. यांतले बरेचसे शब्द गोठ्यातून आणि पागेतून आलेले आहेत. 'गोड' हे क्रियापद बैल हाकण्याच्या टोकदार काठीवरून आले. देवनागरीत लिहिले की ते साखरेसारखे दिसते, परंतु त्याची चव ज्याच्या पुठ्ठ्यात टोक रुतते त्या बैलालाच ठाऊक! आपल्याकडे हिलाच पराणी म्हणतात. लांब काठी आणि तिच्या टोकाला लोखंडी आर. आज ज्याला आपण 'स्टिम्युलस' म्हणतो आणि मानसशास्त्राच्या पुस्तकांत 'उद्दीपक' असे भारदस्त नाव देतो, तोही लॅटिनमध्ये मुळात पराणीच होता. 'स्पर' म्हणजे घोडेस्वाराच्या टाचेची आरी. मराठीत आपण घोड्याला टाच मारतो. 'अबेट' या कायद्यात स्थिरावलेल्या शब्दाचे मूळ कुत्र्याला सावजावर सोडण्यात आहे. आपण 'छू' म्हणतो, तेच. 'एग ऑन'मधल्या 'एग'चा कोंबडीच्या अंड्याशी काही संबंध नाही. तो उत्तरेकडच्या नॉर्स भाषेतला शब्द असून त्याचा संबंध धारेशी, म्हणजे 'एज'शी आहे. एखाद्याला धार लावून पुढे सोडणे, हा त्याचा मूळ भाव.

दुसरा गट माणसामाणसांतल्या व्यवहाराचा आहे. 'अर्ज' म्हणजे रेटणे, दाबणे. 'प्रोव्होक' म्हणजे हाक मारून बाहेर बोलावणे. घरात शांत बसलेल्या माणसाला अंगणात उभे राहून आव्हान द्यावे तसे. 'इन्साइट' म्हणजे हलवून गतिमान करणे. 'एन्करेज'मध्ये हृदय आहे, 'इन्स्पायर'मध्ये श्वास आहे. आणि 'पर्स्वेड', म्हणजे मन वळवणे, याच्या मुळाशी खरोखरच गोडी आहे. ज्या आदिम धातूपासून आपला 'स्वादु' शब्द आला, त्याच धातूचे ते अपत्य. 'गोडीगुलाबीने समजावणे' हा आपला वाक्प्रचार त्याच जुन्या अनुभवाची साक्ष देतो.

सर्वांत विलक्षण कथा 'इन्स्टिगेट'ची आहे. चिथावणी देणे हा त्याचा आजचा अर्थ. त्याच्या पोटात टोचण्याचा, टोकदारपणाचा धातू आहे आणि भाषाशास्त्रज्ञ त्या धातूचा संबंध संस्कृतातल्या 'तिज्' धातूशी जोडतात. तिज् म्हणजे तीक्ष्ण करणे. त्यापासून तेज, तीक्ष्ण, तिग्म हे शब्द झाले आणि 'उत्तेजन'ही झाले! म्हणजे इंग्रजीतली चिथावणी आणि मराठीतले उत्तेजन या एका कुळातल्या दोन दूरच्या बहिणी ठरतात. एक बदनाम झाली, दुसरीला मान मिळाला.

तिसरी बहीण तर आपल्या शेजारीच राहते. हिंदीत 'उत्तेजना' म्हणजे क्षोभ, भावनांचा भडका. इंदुरात वाढलेल्या आपल्यापैकी प्रत्येकाला हा घोटाळा माहीत आहे. आपल्या वक्तृत्वस्पर्धेत चौथा आलेला मुलगा 'उत्तेजनार्थ पारितोषिक' घेऊन घरी जातो आणि शेजारचा हिंदीभाषक मित्र बुचकळ्यात पडतो, की बक्षीस देऊन याला भडकावले कशाला? त्यांच्याकडे त्याच बक्षिसाला 'सांत्वना पुरस्कार' म्हणतात. इंग्रजीतही त्याचे नाव सांत्वनाचेच आहे. यात मला मराठीचे मन दिसते. सांत्वन मागे पाहते आणि झालेल्या पराभवावर हात फिरवते. उत्तेजन पुढे पाहते आणि पात्याला धार लावते. पुण्यात ग्रंथप्रसारासाठी संस्था निघाली, तेव्हा न्यायमूर्ती रानड्यांच्या काळातल्या माणसांनी तिला 'ग्रंथोत्तेजक' हे नाव दिले, ते उगाच नव्हे.

याच 'तेजा'चा उलटा शब्दही मराठीने जपला आहे : तेजोवध. महाभारतात शल्य कर्णाचा सारथी होतो आणि ऐन युद्धात त्याला टोमणे मारून त्याचे बळ खच्ची करतो. तसे करण्याची विनंती त्याला आधीच युधिष्ठिराने केलेली असते. शब्द मोजके, पण परिणाम शस्त्राइतकाच. उत्तेजन आणि तेजोवध या दोन टोकांमध्ये आपले आजचे सारे शब्द पसरलेले आहेत.

आता मराठीच्या अंगणात येऊ. येथे शब्दांचा तुटवडा नाही. आग्रह करणे, गळ घालणे, उद्युक्त करणे, धीर देणे, पाठ थोपटणे, शाबासकी देणे ही सज्जन मंडळी. 'शाबास' हा फारसीतून आलेला आशीर्वाद आहे. 'आनंदी राहा' असा त्याचा मूळ अर्थ. तगादा लावणे, टुमणे लावणे, ढोसणे ही कंटाळवाणी पण निरुपद्रवी मंडळी. भरीस घालणे आणि हरभऱ्याच्या झाडावर चढवणे ही लबाड मंडळी. ज्याने माळव्यातले हरभऱ्याचे शेत पाहिले आहे, त्याला या वाक्प्रचारातली थट्टा वेगळी सांगायला नको. गुडघाभर उंचीच्या रोपाला झाड म्हणायचे आणि त्यावर माणूस चढवायचा! त्यापुढे डिवचणे, खोडी काढणे, कुरापत काढणे. आणि शेवटी फूस लावणे, कान भरणे, चिथावणे, भडकावणे.

आता गुरुजींची पाच माणसे वेगळी करता येतात. अर्ज करणारा आपल्यासमोर उभा असतो. तो आग्रह करतो, गळ घालतो. त्याचा हेतू उघड असतो आणि 'नाही' म्हणण्याची वाट तो मोकळी ठेवतो. एग ऑन करणारा बाजूला उभा राहून टाळ्या पिटतो, भरीस घालतो. साहसातला धोका दुसऱ्याचा, करमणूक त्याची. इन्साइट करणारा बहुधा जमावापुढे असतो, तो भडकावतो. इन्स्टिगेट करणारा पडद्याआड असतो. तो फूस लावतो आणि कृती दुसऱ्याच्या हातून घडवतो. प्रोव्होक करणारा मात्र या चौघांहून निराळा. तो डिवचतो. सापाला काठीने डिवचणाऱ्याची, सापाने आपल्याला चावावे अशी इच्छा असतेच असे नाही. म्हणजे इन्स्टिगेटमध्ये बोलणाऱ्याचा हेतू महत्त्वाचा, तर प्रोव्होकमध्ये ऐकणाऱ्याच्या मनाची अवस्था महत्त्वाची.

हा भेद केवळ कोशातला नाही. माणसाचे आयुष्य त्यावर तोलले जाते. 1860 च्या भारतीय दंडसंहितेत कलम 107 अन्वये गुन्ह्यास चिथावणी देणे हाच एक गुन्हा ठरला. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तीच तरतूद कलम 45 मध्ये आहे. मराठी कायद्याच्या भाषेने त्यासाठी 'अपप्रेरणा' हा शब्द घडवला, हिंदीने 'दुष्प्रेरण'. दोन्ही भाषांनी 'प्रेरणा' हा चांगला शब्द घेऊन त्याला केवळ एक उपसर्ग जोडला, हे ध्यानात घ्यावे. उलट 'प्रोव्होकेशन', ज्याला हिंदी कायदा 'प्रकोपन' म्हणतो, ते सिद्ध झाले तर डिवचल्या गेलेल्याचा अपराध सौम्य होतो. मात्र क्षोभ गंभीर हवा आणि आकस्मिक हवा. मुंबईच्या गाजलेल्या नानावटी खटल्यात हाच बचाव पुढे आला होता. मन ताळ्यावर यायला पुरेसा वेळ मिळाला होता, असे म्हणून सर्वोच्च न्यायालयाने 1961 साली तो नाकारला. तेव्हा 'डिवचले' आणि 'चिथावले' यांतला फरक म्हणजे कित्येकदा शिक्षेच्या वर्षांचा फरक असतो.

आणि जेव्हा शब्द एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेऊन त्यावर न्याय होतो, तेव्हा? याचे मराठी माणसाने कधी विसरू नये असे उदाहरण म्हणजे लोकमान्य टिळकांचा 1908 सालचा खटला. मुझफ्फरपूरच्या बाँबस्फोटानंतर 'केसरी'त आलेल्या मराठी अग्रलेखांवरून राजद्रोहाचा आरोप झाला. ज्यूरीत सात युरोपीय आणि दोन पारशी होते. मराठी लेखांचा निवाडा इंग्रजी भाषांतराच्या आधारे व्हायचा होता. टिळकांनी स्वतःच आपला बचाव केला आणि ही भाषांतरे मूळ लेखांचा भाव विपरीत करतात, असा आक्षेप आग्रहाने मांडला. 22 जुलै 1908 रोजी सात विरुद्ध दोन अशा मताने ते दोषी ठरले आणि त्यांना सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. ती त्यांनी मंडालेत भोगली. सरकारला इशारा देणे आणि प्रजेला चिथावणे यांतली रेषा कोणत्या शब्दाने ओढायची, हाच त्या खटल्यातला एक मोठा वाद होता.

आपण दोन भाषांच्या सीमेवर राहतो, म्हणून हे आपल्याला अधिक जपावे लागते. बऱ्याच वर्षांपूर्वी एका वकील स्नेह्याने मला एक मराठी पत्र दाखवले. दोन भावांचा वाद होता. थोरल्याने धाकट्याविषयी लिहिले होते, 'मीच त्याला भरीस घातले.' कुणीतरी त्याचे हिंदी करताना 'मैंने ही उसे उकसाया' असे लिहून ठेवले होते. मी स्नेह्याला म्हटले, 'अहो, हा माणूस पश्चात्तापाने बोलतो आहे आणि भाषांतर त्याच्याकडून गुन्हा कबूल करून घेते आहे!' भरीस घालण्यात उथळपणा आहे, कदाचित मूर्खपणाही आहे, परंतु 'उकसाना'मधला कट त्यात नाही. गंमत अशी, की हिंदीतही 'उकसाना'चे एक निरागस रूप आहे : दिव्याची वात सारून वर करणे. वात वर सारली की उजेड होतो, आणि तीच वात गवतात पडली की घर पेटते.

आता थोडे व्याकरण; अध्यापकाला त्यावाचून राहवत नाही. 'मूल लिहिते' आणि 'आई मुलाकडून लिहवते' यांतल्या दुसऱ्या क्रियापदाला आपण प्रयोजक म्हणतो. पाणिनीने या लिहवून घेणाऱ्याला 'हेतु' ही संज्ञा दिली आणि त्याचबरोबर 'कर्ता' ही संज्ञाही दिली. म्हणजे कृतीला लावणारा हा नुसता बघ्या नव्हे. त्याचे कर्तेपण व्याकरणाने मान्य केले आहे. दंडसंहितेच्या दोन हजारांहून अधिक वर्षे आधी हे घडले. पुढच्या वैयाकरणांनी आणखी एक नाजूक भेद केला : कनिष्ठाला आज्ञा करून काम करवणे ते 'प्रेषण' आणि आदरणीयाला विनवून करवणे ते 'अध्येषण'. आपण नित्य म्हणतो त्या गायत्री मंत्राचे क्रियापदही 'चुद्', म्हणजे प्रेरित करणे, या धातूचे आहे. आपल्या बुद्धीला सूर्याने प्रेरणा द्यावी, अशी ती प्रार्थना आहे. हातापायांना नव्हे, बुद्धीला. हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

कारण माझ्या मते खरी कसोटी हीच आहे. रामायणात मंथरा कैकेयीला प्रवृत्त करते आणि जांबवंत हनुमंताला प्रवृत्त करतो. मंथरा भीती घालते, मत्सर जागवते आणि विचाराला अवधी देत नाही. जांबवंत फक्त आठवण करून देतो, की हे बळ तुझ्यातच आहे. पराणीने बैलाचे बळ वाढत नाही, केवळ वेदना वाढते. जांबवंताच्या बोलण्याने हनुमंताला स्वतःचे बळ कळते.

आणि ज्या छत्र्यांच्या सावलीत आपण बसलो आहोत, तिथे आणखी एका क्रियापदाची आठवण ठेवली पाहिजे : परावृत्त करणे. 1754 साली कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव होळकर कामी आले आणि अहिल्याबाई सती जाण्यास सिद्ध झाल्या. रूढी त्यांना पुढे ढकलत होती. पुत्रशोकाने खचलेल्या मल्हाररावांनी सुनेला गळ घातली आणि परावृत्त केले. पुढचा इतिहास मी या श्रोत्यांना सांगण्याचे कारण नाही. आग्रह कसा असावा, याचे याहून मोठे उदाहरण मला माहीत नाही. त्या आग्रहाने एक जीव वाचला आणि तीस वर्षांच्या आसपास माळव्याला न्यायी राज्य लाभले.

शेवटी एक कबुली दिल्यावाचून हे व्याख्यान पुरे होणार नाही. महाविद्यालयात जाण्यापूर्वी मी काही काळ एका शाळेत शिकवीत होतो. वर्गात एक मुलगा होता. निबंध उत्तम लिहायचा, पण चारचौघांत बोलायला उभा राहिला की अडखळायचा. त्याला ईर्ष्या वाटावी म्हणून मी एकदा साऱ्या वर्गासमोर म्हणालो, 'तुझ्याच्याने हे व्हायचे नाही.' मला वाटले, तो चिडेल आणि करून दाखवील. मी समजत होतो की मी उत्तेजन देतो आहे. तो चिडला नाही. त्याने स्पर्धेतले आपले नाव काढून घेतले. पुढे बऱ्याच वर्षांनी एका लग्नसमारंभात तो भेटला. केस पिकलेले, हुद्द्यावरून निवृत्त झालेला. त्याने वाकून नमस्कार केला आणि अगदी शांतपणे म्हणाला, 'सर, तुम्ही सांगितलेत ते मी खरे धरले. नोकरीतही कधी बोलायला उभा राहिलो नाही.' त्या स्वरात राग नव्हता, म्हणून ते अधिक लागले. मी शल्याचे काम केले होते आणि स्वतःला जांबवंत समजत होतो.

त्या रात्री मला तांबड्या शाईतली ती ओळ आठवली. 'पाचही माणसे एकच काय?' आणि हेही आठवले, की वहीवर ती ओळ लिहिणाऱ्या गुरुजींनी मला वर्गासमोर एक शब्दही ऐकवला नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला थांबवून घेतले, माझा आदल्या वर्षीचा एक निबंध काढला आणि त्यातले चार नेमके शब्द दाखवून म्हणाले, 'हे तूच शोधले होतेस ना? मग हेही शोधशील.' मी मराठीचा अध्यापक झालो, तो बहुधा त्या दुपारी.

येथे शिक्षक आहेत, पालक आहेत, आजी-आजोबाही आहेत. आपण सारे दिवसभर कुणाला ना कुणाला कृतीस लावत असतो. माझी विनंती एवढीच, की बोलण्यापूर्वी आपण कोणते क्रियापद हाती घेत आहोत, ते एकदा पाहावे. हातात पराणी आहे की वात सारण्याची काडी? समोरच्याला 'नाही' म्हणायला आणि विचार करायला जागा आहे ना? आणि त्याने पाऊल टाकल्यावर जे होईल, त्याच्या कर्तेपणात आपला वाटा आपण उचलणार आहोत ना?

गुरुजींचा गृहपाठ साठ वर्षे उशिरा पुरा करून त्यांच्याच शाळेत सादर केला आहे. चुका असतील, तर त्या माझ्या.